टँकरवाल्या बद्रीनाथचा परिचय

शाल आणि श्रीफळ देऊनही माणसाची नोकरी घालवता येते, हे मुकुंदराव टाकळकरांनी एक मेच्या सकाळी, झेंडावंदन आटोपल्यावर, अख्ख्या सोसायटीच्या साक्षीनं सिद्ध केलं.

सोसायटीचं नाव गंगासागर रेसिडेन्सी. बीड बायपासला. बिल्डरनं जाहिरातीत निळाशार पोहण्याचा तलाव छापला होता, आणि बिचाऱ्यानं तो खणलाही होता. पण २०१६च्या त्या उन्हाळ्यात पोरं त्यात क्रिकेट खेळत होती, आणि चेंडू खोल बाजूला गेला की चौकार धरत होती. नळाला पाणी यायचं ते तिरसट जावयासारखं. कधी येईल सांगता यायचं नाही, आणि आलं तरी चहापुरतं थांबून निघून जायचं. सगळी भिस्त टँकरवर. अशा दिवसांत टँकरचा ड्रायव्हर म्हणजे देवाच्या अर्धी पायरी खाली. म्हणून कमिटीनं ठरवलं, यंदा महाराष्ट्र दिनाला बद्रीनाथचा सत्कार करायचा. प्रमुख पाहुणे टँकरचे मालक साहेबराव, कारण त्यांना नाराज करण्याची कुणाची छाती नव्हती. आणि सत्कारमूर्तींचा परिचय करून देणार अर्थातच मुकुंदराव.

मुकुंदरावांनी उभी हयात पाटबंधारे खात्यात कारकुनी केली होती. खात्याचं पाणी त्यांनी फक्त कागदावरून वाहताना पाहिलं. पण कुणी रिटायर झालं, कुणाची बदली झाली, कुणाला बढती मिळाली, की परिचयाला मुकुंदरावच उभे राहायचे. त्यांचा परिचय ऐकून सत्कारमूर्तीला स्वतःविषयी नव्यानं आदर वाटू लागायचा. एका शिपायानं तर परिचयानंतर घरी जाऊन बायकोला विचारलं होतं म्हणे, "मी येवढा मोठा असून तू मला भाजी आनायला का पाठवती?"

त्या सकाळी तर ते पेटलेच होते.

"मित्रहो! आपल्या इमारतीचा बोअर आटला, आपण टँकर मागवला. पण या टँकरवाल्याच्या अंगातलाच बोअर लहानपणी आटलाय, हे तुम्हाला ठाऊक आहे का? जे इन्सुलिन तुमच्या-माझ्या शरीरात फुकटात तयार होतं, त्याचा एक थेंब याच्या शरीरात तयार होत नाही! दिवसातून चार वेळा हा माणूस स्वतःच्या पोटात सुई टोचून घेतो, आणि मग उठून आपल्यासाठी स्टिअरिंग धरतो! आपला टँकर याच्या हातात आहे, मित्रहो, आणि याचा टँकर याच्या खिशात आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुकुंदरावांनी तो डोळे मिटून घेतला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, यमुनाबाई, यांनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या बद्रीनाथकडे पाहत होत्या, आणि बद्रीनाथ मालकाकडे पाहत होता.

साहेबरावांनीही टाळ्या वाजवल्या. उठून स्वतःच्या हातानं बद्रीनाथच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला, फोटोला उभे राहिले. मग चहाच्या टेबलाशी गेल्यावर त्यांनी कप डाव्या हातात घेतला आणि उजवा हात पुढं केला.

"चावी दे."

"मालक..."

"सुई घेतो तू?"

"व्हय."

"कधीपासून?"

"ल्हानपनापासून."

"अन् मला आज माइकवरून कळतंय."

"मालक, इतकी वर्सं झाली, गाडीला कुठं खरचटलं का? टायमावर खातो, टायमावर घेतो. साखर खाली जायला लागली की मला आधी कळतं. गाडी बाजूला घेतो, गुळाचा खडा तोंडात टाकतो, बसतो जरा."

"नाय खरचटलं, देवाची मेहेरबानी. उद्या गेटात चक्कर आली अन् गाडी लेकरांवर गेली, तर हे येतील का जामिनाला?" साहेबरावांनी हनुवटीनं मुकुंदरावांकडे बोट दाखवावं तशी खूण केली. मुकुंदरावांच्या तोंडात अख्खा पेढा होता. तो ना गिळता येईना, ना थुंकता येईना. 

बद्रीनाथनं शालीखालून हात काढला आणि चावी दिली.

मुकुंदरावांना हे गुपित कळलं होतं ते फ्रिजमुळं. टँकरची केबिन म्हणजे भट्टी. तिथं इन्सुलिन ठेवलं की वाया जातं. दोन उन्हाळ्यांपूर्वी बद्रीनाथ पाइप लावून जिना चढून वर आला आणि दारातूनच यमुनाबाईंना म्हणाला, "काकू, येवढा खोका तुमच्या फ्रिजात ठिवू का? औषध हाय. मांस-मच्छी नाय." यमुनाबाईंनी खोका उघडून पाहिला, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि आत घेतलं. त्या घरातल्या फ्रिजच्या दारात अंडी ठेवायचे खड्डे होते, ते खरेदीपासून रिकामेच होते. त्यात बद्रीनाथच्या बाटल्या अशा चपखल बसल्या, जणू फ्रिजवाल्या कंपनीनं टाकळकरांकडं पाहूनच ती सोय केली असावी. पुढं रोज टँकर लागला की बद्रीनाथ वर यायचा, दिवसापुरती बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून घ्यायचा, यमुनाबाईंच्या हातची भाकरी खायचा आणि मुकुंदरावांचे विनोद ऐकायचा. हसायचाही. तसं पाहिलं तर मुकुंदरावांचे विनोद पहिल्या खेपेला हसवतात. बद्रीनाथ तिसऱ्या खेपेलाही हसायचा, म्हणून तो त्यांचा जीव की प्राण.

तीच भाकरी खाताना त्यानं आपली कथा सांगितली होती. शेंद्र्याचा तो, घरची शेती. असाच एक दुष्काळ पडला होता, त्याच्या लहानपणी. गोजरबाई, त्याची आई, कोसावरून एक घागर आणायची. आणि या पोराला तहान लागायची. साधीसुधी नाही. घागर आली की तोंड लावायचा, निम्मी संपवायचा, परत मागायचा. रात्री उठून गाईच्या डोणीतलं प्यायचा. आईनं आधी समजावलं, मग बदडलं. पाठीत फुंकणी घातली. "सगळ्या घरादाराचं पानी एकटा ढोसतो, रांडेच्या!" पोरगं मार खायचं आणि पाणी प्यायचं. वाळून काटकी झालं. कुणी म्हणालं करणी आहे, कुणी म्हणालं जंत आहेत. शेवटी निपचित पडलं तेव्हा बैलगाडीतून, मग एसटीतून घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, पाणी फार पितो का? तेव्हा गोजरबाई तिथंच खाली बसली. पुढं जगली तोवर ती काचेची सिरिंज रोज उकळून देत राहिली, आणि लेकराला प्यायला पाणी मात्र कधी मागावं लागलं नाही.

"म्हून टँकर धरला व्हय रे?" यमुनाबाईंनी विचारलं होतं.

"नाय काकू. दुसरं काम भेटलं नाय म्हून."

ही सगळी कथा, घागरीच्या जागी बोअर घालून, मुकुंदरावांनी माइकवर ओतली होती.

साहेबराव तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं बद्रीनाथला काढून टाकलं नाही. शेंद्र्याजवळच्या विहिरीवर, जिथं टँकर भरतात, तिथं पाइप धरायला ठेवलं. "सेफ काम हाय," म्हणाला. सेफ म्हणजे कसं, तर केबिनमध्ये बद्रीनाथ आपल्या मर्जीचा मालक होता. बोनेटवर डबा गरम व्हायचा, भूक लागली की गाडी लिंबाखाली लावायचा. विहिरीवर सावली नाही, आणि टँकरची रांग तुटत नाही. पाइप सोडून भाकरी खायला बसला तर मागचे ड्रायव्हर आईबहिणीवरून सुरू. सुई घेऊन झालेली, जेवण पुढं ढकललेलं. एका दुपारी गुळाचा खडा खिशातून काढेपर्यंत हात हलेनासा झाला आणि तो पाइपासकट चिखलात पडला. कुणीतरी तोंडात साखर कोंबली, म्हणून उठला.

"बघा," साहेबराव सोसायटीत येऊन मुकुंदरावांना म्हणाला, "बरं झालं तुम्ही वेळेवर सांगितलं. गाडीवर असता तर?" आणि बद्रीनाथला त्यानं घरी पाठवलं.

बाटल्या न्यायला बद्रीनाथ वर आला. यमुनाबाई म्हणाल्या, "राहू दे की रे इथंच. येत जा घ्यायला."

"नको काकू. तुमच्याकडं ठिवलेलं लई लांबपर्यंत ऐकू जातं."

मुकुंदराव आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. ते त्याच्याआड तसेच राहिले.

आणि त्याच वर्तमानपत्रात, पंधरवड्यानं, रविवारच्या पुरवणीत त्यांना तो लेख सापडला. 'इन्सुलिनच्या सुईपासून सुटका!' मृत माणसाच्या शरीरातून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी काढायच्या, रोग्याच्या यकृतात सोडायच्या, आणि सुई बंद. ऑपरेशनही नाही, नुसती नळी. मुकुंदरावांनी लेख कापला, खात्याच्या सवयीनं फाइल केली, लाल दोरी बांधली.

"आता याचा परिचय कुठं करून देणार?" यमुनाबाई म्हणाल्या.

"अगं, सुईच सुटली तर साहेबराव कोणत्या तोंडानं नाही म्हणेल? चावी परत घेऊन देतो की नाही बघ."

ते स्कूटर काढून शेंद्र्याला गेले. कारखान्यांच्या पत्र्यांमागं जुनं गाव उरलं होतं, तिथं. द्वारकाबाईनं, बद्रीनाथच्या बायकोनं, खाट टाकली आणि पेला आणून दिला. अर्धाच भरलेला.

"अर्धाच देते काका. पाव्हने उष्टं ठिवत्यात, अन् फेकून द्यायला आता पानी नाय."

मुकुंदरावांनी शेवटचा थेंबही प्यायला. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या माठाकडे गेलं. माठाला एक कापड गुंडाळलं होतं आणि त्यावर पाणी शिंपडलेलं होतं. कापडाला जरीची किनार होती.

"औषध हाय आत," द्वारकाबाई म्हणाली. "ओली ऱ्हायली की गार ऱ्हातं. शाल तेवढी कामाला आली. नारळ मातर सडका निघाला."

बद्रीनाथ बाहेरून आला. मुकुंदरावांनी दोरी सोडून लेख वाचून दाखवला. परिचयाचा आवाज लावला नाही, हळू वाचला. बद्रीनाथ उभ्यानं ऐकत होता. वाचन संपल्यावर त्यानं लेख हातात घेतला, त्यातलं चित्र पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांना काका म्हणाला.

"काका, खरंच सुटती?"

"छापून आलंय रे."

"गाडी चालवता यील?"

"आमची मनस्विनी आहे ना! माझी भाची. साखरेचीच डॉक्टर. तिला विचारू."

मनस्विनीकडे जायच्या दिवशी बद्रीनाथ दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. द्वारकाबाईनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं होतं. स्कूटरवर मागं बसून तो वाटभर काही ना काही विचारत राहिला. न दुखता होतं का? लगेच उठता येतं का? मग भात खाल्ला तर चालतो का, पोटभर? मुकुंदराव सगळ्याला हो म्हणत गेले. ज्या गोष्टी ठाऊक नव्हत्या त्यांना जरा मोठ्यानं हो म्हणाले.

मनस्विनीनं लेख वाचला, चष्मा काढला आणि आधी मामाकडे पाहिलं. मग बद्रीनाथला समजावून सांगू लागली. पोटात जठराच्या मागं स्वादुपिंड असतं. त्यात पेशींचे बारीक पुंजके असतात, समुद्रात बेटं असावीत तसे. इन्सुलिन तिथं तयार होतं. "तुमच्या शरीरानं लहानपणी ती बेटं परकी समजून मारून टाकली. लेखात लिहिलंय ते खरं आहे. दुसऱ्याच्या स्वादुपिंडातून ती बेटं काढून तुमच्या यकृतात सोडता येतात. रुजली तर इन्सुलिन करायला लागतात."

"दुसऱ्याच्या म्हंजे कुनाच्या?"

"मेंदू बंद पडलेल्या माणसाच्या. घरच्यांनी दान केलं तर."

"म्हंजे कुनीतरी मरायला पायजे."

"हो. आणि एकाच्या बेटांनी पुष्कळदा भागत नाही. दोघांची, तिघांची लागतात."

बद्रीनाथ कपाळावरचं कुंकू पुसल्यासारखा हात फिरवत बसला. "मग सुई सुटती?"

"काहींची सुटते. त्यातल्या बऱ्याच जणांना काही वर्षांनी परत घ्यावी लागते, थोडी कमी. आणि जन्मभर गोळ्या. तुमचं शरीर ही परकी बेटंसुद्धा मारायला उठणार. त्याला गप्प बसवायला गोळ्या. शरीर गप्प बसलं की साधा तापसुद्धा महागात पडतो."

"गप्प बसवायच्या गोळ्या असत्यात?" बद्रीनाथनं विचारलं आणि मुकुंदरावांकडे पाहिलं. मनस्विनीला हसू आलं. मुकुंदरावही हसले, सवयीनं.

"इथं होतं का पण?" त्यांनी विचारलं.

"इथं नाही, मामा. परदेशात थोड्या ठिकाणी होतं, आपल्या देशात जवळजवळ नाहीच. आणि होत असतं तरी..." ती बद्रीनाथकडे वळली. "साखर खाली जायला लागली की तुम्हाला कळतं?"

"कळतं ना. व्हटाला मुंग्या येत्यात. मानेवर घाम सुटतो."

"दर वेळी?"

"दर येळी. त्या दिवशी बी कळलं व्हतं, पन हात मोकळा नव्हता."

"मग हा इलाज तुमच्यासाठी नाही. ज्यांना काहीच कळत नाही, जे बोलता बोलता आडवे होतात, त्यांच्यासाठी आहे. तुमचं चांगलं आहे."

बद्रीनाथनं जरा विचार केला. "म्हंजे इलाज करन्याइतका मी आजारी नाय."

"नाही."

"अन् गाडी चालवन्याइतका बरा बी नाय."

 मनस्विनीनं कागद ओढला आणि लिहून दिलं, की हा माणूस वेळेवर खाऊन, साखर तपासून, काळजी घेऊन गाडी चालवू शकतो. खाली सही केली, शिक्का मारला. मुकुंदराव तो कागद घेऊन त्याच संध्याकाळी साहेबरावाकडे गेले. साहेबरावानं वाचला, घडी घातली आणि परत दिला. "म्यॅडमला म्हणावं, सहीचं काय, तुम्ही टँकरच्या पुढच्या चाकाशी उभ्या राहा अन् मग सही करा."

मुकुंदरावांनी हे बद्रीनाथला सांगितलं नाही. सांगायला गेलेच नाहीत. त्या वर्षी पाऊस बरा झाला. सोसायटीचा बोअर थोडा बोलू लागला, पोहण्याच्या तलावात डबकं साचलं आणि त्यात डास पोहू लागले. बद्रीनाथ एका कारखान्यात खोकी बांधतो असं कळलं. मग कळलं की तिथं तपासणी झाली आणि ते सुटलं. मग विटा वाहतो असं कळलं. यमुनाबाई फ्रिजच्या दारात लिंबं ठेवू लागल्या. अंड्यांच्या खड्ड्यांत ती नीट बसायची नाहीत, दार उघडलं की गडगडत खाली यायची. तरी त्या तिथंच ठेवत राहिल्या, आणि मुकुंदराव ती वाकून वाकून गोळा करत राहिले.

दोन पावसाळे जेमतेम निघाले आणि तिसरा कोरडा गेला. पुढच्या उन्हाळ्यात गंगासागर रेसिडेन्सी पुन्हा टँकरवर आली. मधल्या काळात बायपासला चारही अंगांनी इमारती उगवल्या होत्या, सगळ्यांची नावं नदीची किंवा सागराची. साहेबराव पुरा पडेना. म्हणून कमिटीनं दुसरा टँकरवाला ठरवला, नानासाहेब म्हणून, सिल्लोडकडचा.

पहिला टँकर आला तेव्हा मुकुंदराव गॅलरीत पेपर वाचत होते. गाडी मागं घेताना ड्रायव्हरनं गेटाच्या खांबापासून चार बोटं अंतर ठेवून आत घातली. हे चार बोटांचं अंतर त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनी चष्मा वर केला. स्टिअरिंगवर बद्रीनाथ होता. केस पिकले होते, गालफडं बसली होती, पण तोच.

मुकुंदराव पायजम्यावर जिना उतरले. यमुनाबाई मागून ओरडल्या, "अहो, काही बोलू नका हं!" पण तोवर ते खाली पोचले होते.

नानासाहेब स्वतः आले होते, पहिलाच दिवस म्हणून. केबिनचं दार उघडं होतं. डॅशबोर्डवर देवाची तसबीर होती आणि तिच्यापुढं, कागदाच्या द्रोणात, गुळाचा भलाथोरला खडा.

"नवा ड्रायव्हर हाय," नानासाहेब कौतुकानं म्हणाले. "लई देवभोळा. गाडीत कायम गुळाचा निवद. मधेच गाडी थांबवतो, डोळे मिटतो, प्रसाद खातो, मगच पुढं. मी म्हनलं, असा मानूस पायजे. शेंद्र्याचा हाय. तुम्ही लई येळ बघून ऱ्हायले त्याच्याकडं. वळखता का?"

बद्रीनाथनं पाइप व्हॉल्व्हला लावला होता. तो तसाच वाकलेला राहिला. पाणी सुटलं नाही.

 मुकुंदरावांना किती सांगायचं होतं! दोन वर्षांची भाकरी, अंड्यांचे खड्डे, गोजरबाईची घागर. एवढा गुणी माणूस नानासाहेबांच्या हाताखाली आलाय, आणि त्यांना त्याची काहीच माहिती नाही! त्यांनी नकळत पायजम्याची नाडी आत खोचली, एक पाऊल पुढं टाकलं, घसा साफ केला.

"अहो नानासाहेब, वळखता का म्हणून काय विचारता! हा बद्रीनाथ म्हणजे... अरे बद्रीनाथ, तूच सांग ना यांना, आपली किती जुनी ओळख ते!"

बद्रीनाथ सरळ उभा राहिला. शर्टाला हात पुसले. मुकुंदरावांच्या डोळ्यांत डोळे घालून तो म्हणाला,

"मी तुमाला वळखत नाय."